चादरीवरचा हात

...अन् वर मलाच शिकवतो, "मामी, चौकोन भरायचा, भोक पाडायचं, त्यात काय एवढं?" आता तुमीच सांगा, असल्या जावयाला पाय धुवायला पाणी द्यावं, का त्याच पाण्यात बुडवावं?

हा निंगप्पा, माझ्या बसव्वाचा नवरा. चादरीच्या कारखान्यात टेंपरवारी. नक्षीच्या वर्गाला जायला लागला अन् ह्याचे पाय जमिनीला लागंनात. ग्राफच्या कागदावर आधी रेघ काढली, मग फुली, मग पोपट... पोपट कसला, चोच लावलेलं वांगं ते. भरलेला चौकोन म्हंजे पुठ्ठ्याला भोक, एका ओळीचा एक पुठ्ठा, पुठ्ठे मागावर चढवले की चादरीवर नक्षी उतरती. एवढं शिकला अन् निघाला मालकाकडं.

मालक शरणप्पांचे वडील वारून वर्ष होत आलेलं. त्यांचं चित्र चादरीवर विणून पाव्हण्यांना वाटायचं होतं. हा म्हणतो, "नुसतं चित्र कशाला मालक, हालतं काढतो की. एका चादरीवर आप्पा तीनदा, पायथ्याला हात खाली, मधी अर्धा वर, उशाला पुरा वर. चादर उलगडंल तसा आप्पा आशीर्वाद देतील." मालकाचे डोळे भरले. "जमलं तर कायम करतो तुला." झालं, बसव्वानं गल्लीभर सांगितलं, आमचे हे कायम झाले.

रीत काय हाय, आधी हातभर नमुना विणून बघायचा. ह्यानं न्हाय विणला. चौकोन भरायचा, भोक पाडायचं, त्यात काय एवढं... आडवं सूत जाड असलं की कागदावरचा चौकोन मागावर उभा ताणला जातो, हे वर्गात सांगितलं तवा हा वांग्याला चोच लावीत असंल.

वर्षश्राद्धाच्या दिवशी भरल्या पाव्हण्यांत चादर उलगडली. आप्पांचं तोंड घोड्यागत लांब, अन् हात वर वर चाललेला... आशीर्वाद कसला, कानफटात द्यायला उगारलेला. मालक कसंबसं आईला म्हणाले, "अव्वा, चूक झाली, हे आप्पा न्हाईत."

मालकाची म्हातारी आई सुंदरम्मा पुढं आली. पदर सावरून चादर बघत राहिली. म्हणाली, "चूक कुटं हाय? हेच की. जलमभर हेच बघितलं मी."

चूक असती तर माफ झाली असती हो. हुबेहूब निघालं म्हणून निंगप्पाला हाकलला, वर सगळ्या चादरी त्याच्या अंगावर फेकल्या.

आता लेक-जावई माझ्याच खोलीत. हा अजून चौकोन भरतोय, त्यात काय एवढं... थंडीला त्याच चादरी. जावयाच्या अंगावर मीच घालते, उगारलेला हात बरोबर गालाशी येईल अशी. हालतं काढतो म्हणाला होता की. रोज बघते... मेला हात अजून एकदा बी खाली आला न्हाय.