स्कॅनरचा नारळ

अमेरिकेतल्या आमच्या सनीव्हेलच्या किराणा दुकानात स्कॅनर आला, तेव्हाची गंमत सांगतो. मशीन बसवायला ग्रेग नावाचा गोरा सेल्समन आला होता. त्यानं चार वेळा शिकवलं, तरी गल्ल्यावरच्या नलूकाकू जुन्या मशीनचीच बटणं बडवत राहिल्या.

मालक म्हणाला, "सोमवारपर्यंत वापरलं नाही, तर हे परत जाणार."

ग्रेगचं तोंड एवढंसं झालं. बिचाऱ्याची ही पहिलीच विक्री!

मी आपला पिशव्या भरणारा, शाळा जेमतेम सातवीपर्यंत. पण खोडी काढायला शाळा कशाला लागते? दुसऱ्या दिवशी दसरा. मी स्कॅनरला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि ग्रेगच्या हातात नारळ दिला. "फोड!"

त्यानं घाबरून मशीनकडे पाहिलं. "यावर?"

"अरे बाबा, बाहेर पायरीवर!"

वाटलं, काकू आता मला झोडपणार. तर त्यांनी हात जोडले, सगळ्यांना खोबरं वाटलं आणि तूरडाळीची पिशवी टुंग करून स्कॅन केली!

मी चक्रावलो. "काकू, इतके दिवस काय झालं होतं?"

"पूजेशिवाय नव्या वस्तूला हात लावतात का?"

"मग बोलला का नाहीत?"

"कुणी विचारलं?"

पंधरवड्यानं ग्रेगचा फोन. "काका, चिनी दुकानात पण नारळ फोडला. तरी कुणी मशीनला हात लावेना. काय चुकलं?"

"खोबरं वाटलंस?"

"नाही, मीच खाल्लं."

"मग झालं तर! प्रसाद एकट्यानं खाल्लास, आता मशीनही एकट्यानंच चालव."