नमुन्याचा पाय

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मालक. आजचे प्रमुख पाहुणे, म्हणजे डिझाइन विभागाचे प्रमुख, आपले साहेब आणि माझे सख्खे थोरले भाऊ. आणि समोर बसलेल्या कटाई, शिलाई, पॅकिंग अशा सगळ्या विभागांतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

मघापासून या सत्कारात माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं, की या बाईंना एकदा भेटायला हवं असं मलाच वाटू लागलंय. कौतुक मात्र प्रत्येकाने पायांचंच केलं. ते साहजिकच आहे म्हणा.

नव्याने लागलेल्यांसाठी सांगते. आपल्याकडे बायकांच्या चपलेचा प्रत्येक नवा नमुना एकाच मापात बनतो आणि एकाच पायात घालून बघतात. तो पाय माझा. बघायचं तेही सकाळी, चहाच्या आधी, कारण दिवस चढला की पाय सुजतात. चपला घालून जिना चढायचा, उतरायचा आणि कुठे घासतंय, कुठे दाबतंय ते सांगायचं. मी सांगितलं की साहेब पट्टा सरकवणार, टाच उतरवणार, आणि मग माल बाजारात. साहेबांच्या किती डिझाइनांना बक्षिसं मिळाली! प्रत्येक वेळी टाळ्या वाजवायला मी पहिल्या रांगेत होते.

या पायांना जपावं किती? सायकल नाही, पळणं नाही. मुलगी डोंगरावर चल म्हणून मागे लागली, तर मी पायथ्याशी पिशव्या सांभाळत बसले, कारण फोड आला असता तर नमुने अडले असते. माझ्या लग्नात साहेब माझ्या नवऱ्याला म्हणाले होते, "हिला जपा, विशेषतः घोट्याच्या खाली." सगळे हसले. मीही हसले.

पण मंडळी, मी या कारखान्यात पाय घेऊन आले नव्हते. चित्रं घेऊन आले होते. घरी पाहुणे आले, की मी त्यांच्याकडे न बघता दाराशी काढलेले त्यांचे जोड बघायची आणि कागदावर उतरवायची. मला डिझाइनर व्हायचं होतं. साहेब तेव्हा इथे नुकतेच लागले होते. तेच मला घेऊन आले. म्हणाले, "आधी नमुन्याला उभी राहा, मग बघू."

ते 'मग बघू' फार लांबलं. दर हंगामाला मी नवी चित्रं त्यांच्या टेबलावर ठेवायची. ते चष्मा वर करून बघायचे आणि म्हणायचे, "अजून कच्ची आहेत गं." घरी आई विचारायची, "काय म्हणाला?" मी सांगायची. आई म्हणायची, "त्याला कळतं. तो उगाच नाही म्हणणार नाही." मला तरी कुठे शंका होती? शाळेत माझे रंग संपले की स्वतःची डबी पुढे करणारा भाऊ माझा. मी पुन्हा काढायला बसायची. शेवटी शेवटी तर माझा हातच कच्चा आहे असं मी मान्य करून टाकलं आणि पेन्सिली मुलीला दिल्या.

मालक घड्याळ बघताहेत. आवरतं घेते.

गेल्या आठवड्यात डिझाइनच्या खोलीत माझ्यासाठी चहा ठेवला होता. तिथल्या नव्या मुलीने सहज विचारलं, "ताईंनी कधी डिझाइन नाही केलं?" साहेब खुशीत होते. म्हणाले, "अगं, हिची चित्रं फार छान असायची! पण हिला टेबलावर बसवलं असतं, तर पाय कुठून आणला असता? डिझाइनर मिळतात. असा पाय मिळत नाही." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

ते माझं कौतुक करत होते, मंडळी. मी कप विसळला, उपडा ठेवला आणि घरी गेले. केसाने गळा कापणं म्हणतात, ते हेच असावं. परक्याने केलं असतं तर मी तिथल्या तिथे भांडले असते. दादा, तू केलंस म्हणून मला भांडायला आठवडा लागला. तोही समोर माइक आहे म्हणून जमतंय. डिझाइनरची खुर्ची मिळाली नाही, याचा मला राग नाही. माझी चित्रं वाईट आहेत हे तू मला खरं वाटायला लावलंस, त्याचा आहे.

आता एक गंमत. आपल्या चपला करंगळीला चावतात अशी दुकानदारांची नेहमीची ओरड. ऑफिसात कोणाला कारण सापडेना. ते सोपं आहे. माझ्या करंगळ्या जन्मतःच आखूड आहेत! मला कधी चावलं नाही, म्हणून कोणालाच कळलं नाही. माझ्या पायाच्या मापाने बाकी साऱ्या बायका चालल्या. मला कळलं ते वहिनीमुळे. तिसऱ्या रांगेत बसली आहे ती. आपल्या चपला तिच्या करंगळीला चावायच्या, म्हणून तिने त्या कोपऱ्यापुढे कधीच घातल्या नाहीत. दादासमोर दारात घालायची आणि कोपऱ्यावर पिशवीतल्या दुसऱ्या चढवायची. वहिनी, माफ कर, आज फोडलंच. तेव्हापासून मी पुढचा भाग रुंद काढू लागले. तीच माझी 'कच्ची' चित्रं.

चहाच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनीकडे गेले. तिचा पाय कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. साचे कोरणाऱ्या मास्तरांनी त्या मापाचा लाकडी साचा करून दिला आणि माझ्या चित्रावरून मी एक जोड शिवला. आयुष्यातला पहिला.

दादा, वहिनी मघाशी सांगत होती, आज घरातून निघताना तू तिच्या पायांकडे बघून म्हणालास, "या कुठल्या कंपनीच्या? आपल्याला असं का जमत नाही?" ती तुला म्हणाली, "समारंभात सांगते." वहिनी, जरा उभी राहा. सगळ्यांना दिसू दे.

उद्यापासून घराच्या पुढच्या खोलीत माझं टेबल असेल. ज्याला त्याला ज्याच्या त्याच्या पायाचं माप मिळेल. पाय मी परत नेते आहे. साहेब, आपण नवा शोधावा.

मालकांचे, मास्तरांचे आणि इतका वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्यावं. एरवी कुठे दुखतंय ते सांगायचं काम मी केलं आणि दुरुस्ती साहेबांनी. आजही मी तेवढंच केलंय.