व्हरांड्यातला दिवा

ओहायोतलं लहानसं गाव. हॅलोविनच्या आदल्या दिवशी हार्डवेअरच्या दुकानात रांग हलायचं नाव घेत नव्हती. म्हाताऱ्या एल्मरच्या पुढं दोघी नणंद-भावजय उभ्या होत्या. त्याला कान टवकारावेही लागले नाहीत.

“लोरेटा, सगळी गल्ली तोंडात बोटं घालतेय. हार्लनला जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, आणि तुझ्या दारात भूत?”

“मुलांनी केलंय, वन्सं. जुन्या चादरीचं.”

“भूत करा, सांगाडे करा. पण त्याच्या डोक्यावर माझ्या भावाची टोपी?”

“धाकटी म्हणाली, टोपीशिवाय बाबा बाहेर पडायचेच नाहीत.”

“आणि तू घालू दिलीस!”

“मीच खुंटीवरून काढून दिली.”

“निदान उद्या व्हरांड्यातला दिवा तरी लावू नकोस. अंधार दिसला की गोळ्या मागत फिरणारी मुलं आपसूक पुढच्या घरी जातात. यंदा तुला कुणी नावं ठेवणार नाही.”

“दिवा लावणारच मी! दरवर्षी दारात उभं राहून गोळ्या कोण वाटायचं?”

“हार्लन.”

“मग यंदाही तोच वाटेल. बादली अडकवलीय त्याच्या हातात.”

काउंटरवरून हाक आली, “पुढचं कोण?”

“मी. व्हरांड्यासाठी बल्ब द्या. असेल त्यातला सगळ्यात लख्ख.”

“आणि टोपी सरळ घातलीय कार्ट्यांनी,” नणंद मागून म्हणाली. “तो तिरकी घालायचा.”