अनौरस पेद्रोचं स्थळ

अरे, परवाचं ऐक. भुईगावला सॅव्हियोच्या घरी आम्ही दोघं ऑनलाइन ज्ञानकोशासाठी मध्ययुगातल्या एका पोर्तुगीज सरदाराच्या अनौरस मुलावर लेख लिहीत होतो. शीर्षकावरून आमची जुंपली.

"बापाचं आडनाव लावू," सॅव्हियो म्हणाला.

"बापाने दिलं नाही, आपण कोण देणारे? 'अनौरस पेद्रो' लिही."

"शीर्षकातच पोराची अब्रू काढतोस?"

एवढ्यात त्याची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. लेकीसाठी तिचं स्थळं बघणं चालू होतं.

"मुलाचं घरचं काही आहे का रे?"

"दोन किल्ले आहेत, मावशी."

"मग बापाचं नाव कशाला हवंय? लगेच विचारून बघा!"

"मावशी, त्याला जाऊन सातशे वर्षं झाली."

मावशी मटकन खुर्चीत बसली. "चांगली स्थळं थांबतात होय कोणासाठी!"