वासाच्या तक्रारीबाबत

विषय — बारा बोअर बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण. संदर्भ — वरच्या मजल्यावरच्या तेजसची ‘घातक वासाबाबत’ तक्रार. असंच लिहिलंय ना, हवालदार संपतराव? मग तो कागद खाली ठेवा आणि माझं ऐका. पस्तीस वर्षं कारकुनी केलीय, कागद मलाही वाचता येतो.

वास येतो — येणारच! बंदूक साफ करायच्या सॉल्व्हंटला काय अत्तराचा वास येईल? निवडणुकीला बंदूक तुमच्याच ठाण्यात जमा होती, परत आली ती नळीला गंज घेऊन. मग पुसायची कशानं — गुलाबपाण्यानं? पेट्रोल भडकतं, थिनर लाकडी दस्त्याचं पॉलिश खातं, म्हणून मी बंदुकीसाठीचंच आणतो. मूळ बाटलीतच ठेवतो, चिंधीवर मोजकंच घेतो. आधी नळी उघडून काडतूस नाही हे बघतो — दोनदा. हातात मोजे, गॅस बंद, खिडक्या सताड उघड्या — म्हणून तर वास वर जातो! बंद ठेवल्या तर आम्ही नवरा-बायको गुदमरू, पण वरचे संगणकवाले साहेब सुखानं झोपतील. दिवसभर हिंजवडीत काचा लावून बसायचं आणि घरी आलं की यांना हवा हवी — तीही माझ्या खिडकीतली!

चिंध्या? त्या पाण्याच्या डब्यात, वर झाकण, डबा गच्चीवर. पूर्वी इथेच पडायच्या — म्हणजे पूर्वी, आता नाही. — कुसुम, चहा आण गं यांना. — घ्या. अहो, चहा घ्या म्हटलं, तिच्या हाताकडे काय बघताय? पोळ्या करताना भाजला. कोपरापर्यंत? हो, मोठ्या करते पोळ्या. — अगं, उभी काय राहिलीस? सांग की यांना. — गेली. नाही बोलायची ती. गेल्या खंडेनवमीपासून या खोलीत येते ती कप ठेवण्यापुरती.

पूजा होती हो. शस्त्राची करतात ना — तुमच्या ठाण्यातही करत असाल. नळी सॉल्व्हंटनं ओली होती, चिंधी ताम्हनाला लागून. ती म्हणाली, जरा वाळू दे की. मी म्हटलं, तुला काय कळतं यातलं, ओवाळ. निरांजन तिच्या हातात होतं, म्हणजे चूक तिचीच की — नाही, थांबा, हे लिहू नका.

लिहिलंत? दाखवा इकडे. ‘जबाब घेतला. अर्ज प्रलंबित.’

बरं. कप तिथेच राहू द्या. जाताना दार ओढून घ्या.