सासऱ्याचा पाव्हणा

आता हसू नका, पन मी अंदमानला जाऊन आलो. लेक-जावयानं नेलं. जावयाला लई हौस, गाईड घ्यायचा अन् समुद्राच्या काठावरून गळानं मासे धरायचे. दोन दिवस एकबी लागला न्हाई. तिसरा दिवस शेवटचा. फोटोबिगर शेवगावात तोंड कसं दाखवायचं, म्हणून जावई रडकुंडीला आलेले.

मी माळकरी मानूस, लांब खडकावर बसलो हुतो. गोदावरीला गेलो की माशांना कणकेच्या गोळ्या टाकतो, त्या सवयीनं घरून नेलेली दशमी कुस्करून पान्यात टाकली. हा हा म्हणता माशांची झुंबड! गाईड वरडला, "साहेब, गळ इथं टाका!"

टाकला, अन् हातभर मासा वर आला.

मी म्हणलं, "जावईबापू, सोडा त्याला."

"मामा, तीन दिवसांनी लागलाय!"

"पर मी त्याला जेवायला बोलावलं हुतं. जेवत्या मानसाला ताटावरून उठवत्यात व्हय?"

लेक हसायला लागली. जावयांनी फोटो काढला अन् गपचूप मासा सोडला.

आता शेवगावात फोटो बघून कुनी विचारलं, "खाल्ला का मग?" की जावई म्हणत्यात, "कसा खानार? सासऱ्याचा पाव्हणा हुता."