सरांनी धुतलेली बुरशी

मुलांच्या दवाखान्यात आमचा नंबर यायचा होता आणि लेक मांडीवर झोपली होती. समोरच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. नातू आजीच्या खांद्यावर होता.

"तुझ्या सरांना बुरशीत चुण्या दिसल्या नाहीत, म्हणून एवढं रडायचं?"

"आई, इतक्या वर्षांचं माझं काम खोटं ठरलं. बुरशीच्या पेशीच्या पडद्याला प्रथिनं गट करून आतून चुण्या घालतात. पेशी फुगली की त्या उलगडतात, म्हणून पडदा फाटत नाही."

"वाढत्या पोरीच्या फ्रॉकला मी ठेवायचे, तशा?"

"अगदी तशाच. मी रजेवर, म्हणून या वेळी सरांनी स्वतः पेशी धुतल्या. प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीनं पाहिलं, मिठाच्या पाण्याऐवजी साधं पाणी घेतलं!"

"बरं, मग?"

"साधं पाणी आत शिरतं, पेशी टम्म फुगते. चुण्या राहतील कशा?"

"तुझे सासरे असेच. भाजी स्वतः करपवायची आणि पातेल्याला नावं ठेवायची."

"सोमवारी सर सगळ्यांसमोर माझं काम रद्द करणार आहेत."

"मग सोमवारी तूही जा. सगळ्यांसमोर नीट धुऊन दाखव."

"बाळाला कोण बघणार? हे म्हणतात, त्यांची मीटिंग आहे."

"बाप कोण आहे, मीटिंग की तो? बसेल घरी."

"आणि तुम्ही, आई?"

"मी तुझ्याबरोबर येणार. इतका शिकलेला माणूस धुणं कसं धुतो, ते बघायचंय मला."